खिशातल्या थर्मल प्रिंटरवर मराठी पावती: कंट्रोल कोड कोणत्या क्रमाने पाठवायचे

५८ मिलिमीटर कागदाच्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर मराठी छापायला बसलेला माणूस तीन ठिकाणी अडकतो. आधी मराठीऐवजी ग्रीक अक्षरं उमटतात. ती घालवली की वेलांट्या अक्षरांपासून सुटून भलतीकडे जातात. त्या जागेवर आणल्या की पावतीचा वरचा भाग नीट येतो आणि खालचा एका बाजूला सरकतो. तिन्ही चुकांची कारणं वेगळी आहेत, आणि बहुतेक जण तिसरीचं औषध पहिलीला लावत बसतात.

हे काम मी आत्याच्या गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी केलं. पावती लहानशी: नाव, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. पूर्वी ती इंग्रजीत निघायची. पहाटे दूध घालून निघालेली बाई ती पावती वाटेत शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यायची. आपल्या दुधाचा हिशोब आपल्याला वाचता यावा म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तो क्रमाने केला तर दोन संध्याकाळींत जमतो.

खाली दिलेले सगळे कोड दशमान पद्धतीत आहेत. ‘२७ ६४’ म्हणजे दोन बाइट: पहिल्याची किंमत सत्तावीस, दुसऱ्याची चौसष्ट. मधली जागा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहे, ती पाठवायची नाही.

टप्पा १: प्रोग्रॅम लिहिण्याआधी हातातला प्रिंटर ओळखा

प्रिंटर पूर्ण चार्ज करा. अर्धवट चार्जवर छपाई फिकी येते आणि दोष आपण कोडमध्ये शोधत राहतो. मग रोल घ्या आणि कागदावर नखाने जोरात ओरखडा काढा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू, आणि ती छपाईच्या हेडकडे यायला हवी. रोल उलटा बसला तर मोटर फिरते, कागद बाहेर येतो आणि कोराच येतो.

आता प्रिंटर बंद करा. कागद पुढे सरकवायचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून प्रिंटर चालू करा. बहुतेक प्रिंटर अशा वेळी स्वतःची माहिती छापतात: आज्ञांची भाषा, सिरियल जोडणीचा वेग, ब्लूटूथचं नाव, कोड पेजची (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर छापायचं याच्या तक्त्यांची) यादी. हा कागद जपून ठेवा. त्यावर ‘ईएससी पॉस’ असं लिहिलेलं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पाठ करायचे आकडे थोडे आहेत. कागद ५८ मिलिमीटरचा असला तरी छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर. दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे आडव्या ओळीत ३८४ ठिपके. एका बाइटमध्ये ८ ठिपके मावतात, म्हणून ठिपक्यांची एक आडवी ओळ म्हणजे ४८ बाइट. प्रिंटरचं मोठं अक्षर १२ बाय २४ ठिपक्यांचं असतं, ते ओळीत ३२ बसतात. लहान अक्षर ९ बाय १७ चं, ते ४२ बसतात.

सावधान: कोडची सुरुवात २७ ने होते म्हणून दोन प्रिंटरची भाषा एक आहे असं समजू नका. ह्यूलेट-पॅकार्डच्या कॅल्क्युलेटरसोबत चालणारा ८२२४०बी हा इन्फ्रारेड थर्मल प्रिंटरही २७ नेच आज्ञा घेतो. पण तिथे पूर्ववत करायचा कोड २७ २५५ आहे, रुंद अक्षरांचा २७ २५३, आणि ओळीत मावतात २४ अक्षरं. आपल्या प्रिंटरवर हे कोड चालत नाहीत. कोडचा तक्ता कुठूनही उचलण्याआधी तो कोणत्या यंत्राचा आहे ते बघा.

टप्पा २: जोडणी कच्च्या बाइटची करा

चुका इथे होतात आणि दिसतात पाचव्या-सहाव्या टप्प्यावर. म्हणून इथे घाई नको.

अँड्रॉइडवर प्रिंटर आधी फोनच्या सेटिंगमधून पेअर करून घ्या. पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांशी जोडणी करायची परवानगी अ‍ॅप चालू असताना मागावी लागते. ती मागितली नाही तर जोडणीच होत नाही. सिरियल पोर्ट प्रोफाइल, म्हणजे तारेसारखी चालणारी साधी ब्लूटूथ जोडणी, वापरा. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर, वेगळी बोलणी केली नाहीत तर, एका खेपेत २० बाइटच जातात. मजकुराला तेवढं पुरतं, चित्राला फार रडवतं.

लिनक्सवर आरएफकॉमने (ब्लूटूथवरची सिरियल जोडणी) जोडलेला प्रिंटर टर्मिनलसारखा दिसतो, आणि टर्मिनलला एक खोड आहे: १० हा बाइट दिसला की त्याच्या आधी १३ घुसवायचा. मजकुरात ते खपून जातं, चित्राची मात्र वाट लागते. म्हणून जोडणी उघडल्यावर पहिली गोष्ट ती ‘रॉ’, म्हणजे बाइट न बदलणाऱ्या, स्थितीत टाकायची. विंडोजवर फाइल उघडताना बायनरी स्थिती निवडायची, कारण साध्या मजकूर स्थितीतही हाच बदल होतो.

आणि प्रोग्रॅम कोणत्याही भाषेत लिहा, कोड स्ट्रिंगमध्ये नव्हे तर बाइटच्या अ‍ॅरेमध्ये ठेवा. स्ट्रिंग पाठवताना भाषा ती गुपचूप यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये बदलते. १२७ पर्यंतचे बाइट जसेच्या तसे जातात, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण २०० पाठवलात तर प्रिंटरला १९५ १३६ असे दोन बाइट मिळतात.

टप्पा ३: आधी इंग्रजीत चार ओळी छापून घ्या

मराठीकडे लगेच धावू नका. पुढचे कोड एकेक करून पाठवा आणि कागद बघत जा.

२७ ६४ : प्रिंटर पूर्वस्थितीत आणणे. प्रत्येक पावतीची सुरुवात यानेच.
१० : ओळ छापून खाली जाणे.
२७ ९७ आणि ०, १ किंवा २ : डावीकडे, मध्ये, उजवीकडे.
२७ ६९ आणि १ किंवा ० : ठळक चालू, बंद.
२७ ३३ आणि बेरीज : ठळकसाठी ८, दुप्पट उंचीसाठी १६, दुप्पट रुंदीसाठी ३२. तिन्ही हवे तर ५६, सगळं बंद करायला ०.
२७ १०० आणि संख्या : तेवढ्या ओळी कागद पुढे सरकवणे.
२७ ७४ आणि संख्या : तेवढे ठिपके कागद पुढे सरकवणे.

मध्यभागी आणायचा कोड ओळीच्या सुरुवातीलाच चालतो. ओळीत एखादं अक्षर, अगदी रिकामी जागाही, आधी गेली असेल तर प्रिंटर तो कोड मानत नाही. शीर्षक मध्ये येत नाही अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा हेच कारण.

दुसरी चूक संख्येची. २७ १०० नंतर ३ हा बाइट हवा, ‘३’ हे अक्षर नव्हे. इंग्रजी तीन या अक्षराचा कोड ५१ आहे. म्हणजे तीन ओळींऐवजी ५१ ओळी कागद बाहेर येतो. नेहमीच्या ओळीला साधारण ३० ठिपके धरले तर १९ सेंटिमीटर कोरा कागद! प्रिंटर असा सुसाट सुटला की तो बिघडला असं वाटतं. तो बिचारा सांगितलेलं तंतोतंत करत असतो.

तपासा: कागदावर ‘@’ सारखं चिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ छापून येत असेल तर २७ हा बाइट जातच नाहीये, त्याचं अक्षरांत लिहिलेलं रूप जातंय. टप्पा २ ला परत जा.

टप्पा ४: आठ बाइटची चाचणी

ही चाचणी सगळे टाळतात आणि नंतर आठवडा घालवतात. ती एवढीशीच आहे. हे सोळा बाइट पाठवा:

२९ ११८ ४८ ० १ ० ८ ० १२८ १९२ २२४ २४० २४८ २५२ २५४ २५५

पहिले आठ बाइट आज्ञा आहेत, तिचा अर्थ सहाव्या टप्प्यात. उरलेले आठ म्हणजे चित्र: रुंदी ८ ठिपके, उंची ८ ठिपके. कागदावर एक मिलिमीटरचा भरीव त्रिकोण यायला हवा, डावी कड उभी सरळ आणि पाया खाली. नंतर २७ १०० ३ पाठवून कागद बाहेर घ्या आणि उजेडात बघा.

त्रिकोणाच्या मागून आठ भलतीच अक्षरं छापली गेली? तर बाइट यूटीएफ-८ मधून जात आहेत. या त्रिकोणातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा आहे, म्हणून आठाचे सोळा झाले. पहिले आठ चित्रात गेले, उरलेले आठ अक्षरं म्हणून छापले गेले.

आता तीच आज्ञा, पण चित्राचे आठही बाइट १० ठेवा. दोन बारीक उभ्या रेघा यायला हव्यात. रेघा विस्कटल्या आणि खाली चार ओळींची जास्तीची जागा सुटली, तर कोणीतरी प्रत्येक १० च्या आधी १३ घुसवतंय.

दोन्ही चाचण्या नीट आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५: मराठी मजकुराचं चित्र तयार करा

मराठी थेट का जात नाही? या प्रिंटरची कोड पेज एका बाइटला एक अक्षर या हिशोबाची असतात आणि त्यांत देवनागरी नसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘पावती’ शब्दात प, काना, व, त आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. ‘प’ चे तीन बाइट २२४ १६४ १७०. कोड पेज ४३७ मध्ये २२४ म्हणजे ग्रीक अल्फा आणि १६४ म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश एन. म्हणून कागदावर अल्फाची रांग दिसते. ती दिसली की कोड पेज बदलत बसू नका, कुठलंच कोड पेज कामाला येणार नाही. रुपयाच्या चिन्हाचंही तेच: मजकूर म्हणून पाठवायचं असेल तर इंग्रजीत ‘आर एस’ लिहा, चित्रात मात्र खुशाल चिन्ह वापरा.

प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरसंच असता तरी ‘वि’ मधली वेलांटी आधी काढायची आणि ‘ठ्ठ’ जोडायचा ही अक्कल त्याच्याकडे नसती. ते काम फोनने किंवा संगणकाने करायचं आणि प्रिंटरला तयार ठिपके द्यायचे.

अँड्रॉइडवर कॅनव्हासवर मजकूर काढला की जोडाक्षरं आपोआप नीट येतात. पायथनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीत मात्र ‘राक्म’ हा अक्षरं जुळवणारा भाग उपलब्ध असायला हवा. तो नसेल तर पिलो तक्रार न करता चिन्हं एकापुढे एक मांडते: वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, हलन्त उघडा. पिलोला राक्म आहे का असं प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच विचारा आणि नसेल तर तिथेच थांबा. भाषा मराठी आहे असंही सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

कॅनव्हास ३८४ ठिपके रुंद, पार्श्वभूमी पांढरी. फॉन्ट ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’, पण साध्यापेक्षा एक-दोन पायऱ्या जाड वजनाचा. बारीक वजनात शिरोरेषा मधेमधे तुटते. आकार २८ ठेवला तर ओळीची उंची ४० ठिपके धरा. जागा वाचवायला ३२ धरली की वरची रफार आणि खालचा उकार छाटला जातो, आणि ‘दुर्वा’ची ‘दवा’ होते. नावात असं झालं तर सभासदाला ते लागतं, आणि लागणारच.

रकाने जुळवायला रिकाम्या जागा मोजू नका. ‘श्री’ मध्ये चार चिन्हं आहेत आणि अक्षर एकच दिसतं, त्यामुळे चिन्हं मोजून काढलेला हिशोब चुकणारच. शब्दाची रुंदी ठिपक्यांत मोजून घ्या आणि रक्कम उजव्या कडेपासून मागे मांडा.

काळं-पांढरं करताना सगळ्यात जास्त घोळ होतो. पिलोचं सरळ रूपांतर करड्या छटा दाखवायला ठिपके विखुरते. फोटोला ते शोभतं, अक्षरांच्या कडा त्याने खरखरीत होतात. त्याऐवजी एक उंबरठा ठरवा: १४० पेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं. उंबरठा १२० ते १६० च्या दरम्यान बदलून आपल्या कागदावर काय खुलतं ते बघा. आणि लक्षात ठेवा, पिलोमध्ये १ म्हणजे पांढरा आणि प्रिंटरला १ म्हणजे काळा. उलट करायला विसरलात तर काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं येतात, हेड तापतं आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

तपासा: हे शब्द एका ओळीत काढून आधी पडद्यावर वाचा: विठ्ठल, कृष्णात, सुऱ्या, दुर्वा, श्रीपती, ज्ञानू, काळे. वेलांटी, जोडाक्षर, ऱ्या, रफार, उकार सगळं यात येतं. पडद्यावर चुकलेलं कागदावर सुधारत नाही.

टप्पा ६: चित्र पट्ट्यांनी पाठवा

आज्ञा अशी: २९ ११८ ४८ ०, मग रुंदीचे दोन बाइट, मग उंचीचे दोन बाइट, मग चित्र. यातला ४८ (तिसरा बाइट) म्हणजे इंग्रजी शून्य हे अक्षर, शून्य हा बाइट नव्हे. टप्पा ३ मधल्या चुकीच्या बरोबर उलट चूक इथे होते.

रुंदी बाइटमध्ये मोजायची आणि उंची ठिपक्यांत. आपली रुंदी ४८ बाइट, म्हणून ४८ ०. उंची ४० ठिपके, म्हणून ४० ०. उंची २५५ च्या वर गेली तर दुसरा बाइट लागतो: ३०० म्हणजे ४४ १, कारण २५६ अधिक ४४. रुंदीत कोणी ३८४ लिहिलं की प्रिंटर ३८४ बाइट रुंदीच्या ओळीची वाट बघतो, आठपट माहिती मागतो, पुढच्या ओळी गिळतो आणि गप्प राहतो. अशा वेळी २७ ६४ चा उपयोग नाही, तोही चित्राचा भाग म्हणून गिळला जातो. प्रिंटर बंद करून चालू करा.

सगळी पावती एकाच चित्रात पाठवू नका. मजकुराची एक ओळ, एक पट्टी:

२९ ११८ ४८ ० ४८ ० ४० ० आणि मागोमाग १,९२० बाइट.

पट्टी ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत तुटते, हा त्याचा फायदा. माहिती पोचायला उशीर होऊन मोटर क्षणभर थांबली तर बारीक पांढरी रेघ राहते. ती कोऱ्या जागेत कोणाला दिसत नाही, अक्षराच्या पोटातून गेली तर डोळ्यांत खुपते. पट्टीनंतर १० पाठवू नका, नाहीतर प्रत्येक ओळीखाली फट पडेल.

आमची पावती नऊ ओळींची आहे. सुरुवातीचे २ बाइट, नऊ पट्ट्या प्रत्येकी १,९२८ बाइटच्या, शेवटी २७ १०० ३ चे तीन. एकूण १७,३५७. लांबी साडेचार सेंटिमीटर आणि फाडायची जागा.

तपासा: प्रिंटरला पाठवण्याआधी तेच बाइट फाइलमध्ये साठवा आणि तिचा आकार बघा. हिशोबाच्या आकड्यापेक्षा एक बाइटही जास्त असेल तर कोणीतरी वाटेत काही घुसवलंय. वाटेत एक बाइट वाढला की पुढचं सगळं ८ ठिपके सरकतं. खालची अर्धी पावती तिरकी जाते ती यामुळेच.

टप्पा ७: वेग जुळवा

सिरियल तारेवर ९,६०० चा वेग असेल तर सेकंदाला ९६० बाइट जातात. म्हणजे आमच्या पावतीला १८ सेकंद. रांगेत चाळीस माणसं कॅन घेऊन उभी असताना हे परवडत नाही. १,१५,२०० वर तीच पावती दीड सेकंदात पोचते. टप्पा १ मध्ये जपून ठेवलेल्या कागदावर छापलेला वेग आणि प्रोग्रॅममधला वेग एकच ठेवा.

ब्लूटूथवर अडचण उलटी असते: माहिती लवकर पोचते, प्रिंटरचा बफर भरतो आणि वरचे बाइट सांडतात. प्रत्येक पट्टीनंतर थोडं थांबा. ५० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. सलग वीस पावत्या काढा, एखादी बिघडली तर थांबायची वेळ वाढवा. एका पावतीवर वेळ ठरवू नका, बफर भरतो तो चौथ्या-पाचव्या पावतीला.

कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर २० बाइटच्या हिशोबाने या पावतीचे ८६८ तुकडे होतात. दुसरा मार्ग नसेल तर आधी मोठ्या तुकड्यांची मागणी करून बघा, आणि आधीचा तुकडा पोचल्याचं कळल्याशिवाय पुढचा सोडू नका.

टप्पा ८: कागद संपला तर काय

या प्रिंटरना कटर नसतो, म्हणून शेवटी तीन ओळी सरकवणं विसरलात तर रक्कम दातऱ्यांच्या आतच राहते आणि पावती रकमेवरूनच फाटते.

१६ ४ ४ पाठवलं की प्रिंटर कागदाची स्थिती एका बाइटमध्ये कळवतो. १८ आलं तर कागद आहे, ११४ आलं तर संपला. हे प्रत्येक पावतीच्या आधी विचारा. काही स्वस्त प्रिंटर उत्तरच देत नाहीत, म्हणून उत्तरासाठी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त थांबू नका, आणि उत्तर नाही म्हणजे कागद आहे असंही धरू नका. अशा प्रिंटरसाठी पडद्यावर ‘पावती नीट निघाली का?’ असा प्रश्न ठेवा.

‘नाही’ दाबल्यावर निघणाऱ्या पावतीवर वरती ‘दुसरी प्रत’ छापा. दुधाची नोंद मात्र पुन्हा करायची नाही. नोंद वजन झाल्यावर एकदाच होते, छपाई कितीदाही होवो. पहिल्या आठवड्यात माझ्या प्रोग्रॅमने छपाईसोबत नोंदही केली होती. रोल संपलेल्या एका सकाळी एका सभासदाचं साडेआठ लिटर दूध खात्यावर दोनदा लागलं. ३४ च्या दराने २८९ रुपये जास्तीचे. तो माणूस संध्याकाळी दोन्ही पावत्या घेऊन स्वतः सांगायला आला. पावती मराठीत होती, म्हणून ते त्याच्या लक्षात आलं.

तपासा: रोल मुद्दाम अर्धवट काढून ठेवा आणि पावती सोडा. प्रोग्रॅमने कागद मागायला हवा, रोल बसवल्यावर ‘दुसरी प्रत’ निघायला हवी, आणि वहीत नोंद एकच असायला हवी.